पाणथरीचा मुलूख

1853 साली हैदराबादचा निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह होऊन, कंटिन्जन्ट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा पट्टा कंपनीच्या ताब्यात गेला, तेव्हा या शेवटच्या मुलुखाचा कारभार पाहावयास जो अंमलदार नळदुर्गास येऊन राहिला, तो म्हणजे ठगांवरील कादंबरीमुळे विलायतेत नाव झालेला मेडोज टेलर. 1857 साली वऱ्हाडात बदली होईपर्यंत त्याने येथे जमाबंदी पाहिली, फिर्यादी ऐकल्या, आणि इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत बोरी नदीवर बांधलेल्या त्या अद्‌भुत बंधाऱ्याचे, म्हणजे पाणीमहालाचे, मनापासून कौतुक केले. याच टेलरचे आत्मचरित्र वाचू लागावे, तर इमारती, तलाव आणि दरबार यांच्या हकीकतींच्या जोडीने एक दुसरी हकीकत सतत चालू असलेली आढळते, ती ज्वराची. दौऱ्यावर ज्वर, छावणीत ज्वर, आणि ज्वरामुळे खालावलेली प्रकृती सुधारण्यासाठी काढलेल्या रजा. त्याच्या पिढीच्या साऱ्या युरोपीय अंमलदारांची या ज्वराविषयीची समजूत एकच होती. दलदलीतून, कुजक्या पालापाचोळ्यातून आणि पावसाने भिजून उन्हाने तापलेल्या जमिनीतून रात्री एक दूषित वाफ उठते व ती श्वासावाटे शरीरात शिरते, असे ते मानीत आणि म्हणून सूर्यास्तानंतर खिडक्या लावून घेत. कारण चुकीचे असले तरी उपाय निम्माअधिक बरोबर होता, असे विनोद इतिहास अधूनमधून करतो.

येथल्या रयतेची समजूत निराळ्या वाटेने गेलेली होती. आयुर्वेदाने विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक असे भेद फार पूर्वी केलेले होते, आणि खेड्यातली माणसे ते शास्त्र न वाचताही एकांतरा, तिजारा, चौथारा अशी तापाची पाळी बोटांवर मोजून सांगत. गुळवेल, काडेचिराईत, सागरगोट्याचा गर ही औषधे घरोघर ठाऊक होती. ताप वर्षानुवर्षे उलटत राहिला म्हणजे डाव्या बरगडीखाली जो टणक गोळा हाताला लागतो, त्याला ‘पाणथरी वाढली’ असे म्हणत. आणि ज्या गावच्या पोरांची पोटे पुढे आलेली व हातपाय काड्यांसारखे, ते गाव तापाचे, हे सोयरीक जुळविणाऱ्या म्हाताऱ्यांनाही वैद्याइतकेच समजत असे. पुढे सरकारी डॉक्टरांनी उत्तर हिंदुस्थानातल्या कालव्यांच्या काठी हीच गोष्ट अंकांत मांडली. डेम्प्स्टर नावाच्या डॉक्टरने 1847 च्या सुमारास गावोगावच्या मुलांची पोटे चाचपून शेकडा किती जणांची प्लीहा, म्हणजे पाणथरी, वाढलेली आहे हे मोजले, आणि ती मोजणी पुढे शंभर वर्षे हिवतापाचे मुख्य मोजमाप म्हणून टिकली.

धाराशिवच्या बाबतीत या तापाची वेळ विशेष क्रूर होती. हा प्रदेश बालाघाटाच्या पठारावर पसरलेला, पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा, आणि मुख्य पीक रब्बीची ज्वारी. भाद्रपदात ओढ्यांचा प्रवाह थांबून डबकी साचतात, आश्विनात जमिनीला वाफसा येतो, पेरणीची घाई सुरू होते, आणि तेवढ्यात नांगरधऱ्या पांघरूण घेऊन अंथरुणात कुडकुडू लागतो. तुळजापूरच्या नवरात्रास दूरदूरच्या वाटांनी पायी येणारे भक्त ज्या दिवसांत रस्त्यावर असतात, तेच तापाचे दिवस. 1860 साली हा मुलूख निजामाकडे परत गेला, दिवाण सालारजंगाच्या जिल्हाबंदीत नळदुर्ग जिल्हा ठरला, अव्वल तालुकदार आणि तहसीलदार यांचा फारसी-उर्दू दफ्तरी कारभार सुरू झाला, आणि पुढे सदर ठाणे धाराशिवास आणून सातव्या निजामाच्या नावावरून त्यास उस्मानाबाद म्हणू लागले. पण पेरणीच्या हंगामात माणूस का पडतो याचा जाब कोणत्याही दफ्तरात नव्हता. त्या काळी हिंदुस्थानभर मृत्युनोंदीत ‘ताप’ हा रकाना सर्वांत मोठा असे, आणि ज्या मरणाचे कारण कोणास समजले नाही ते सारे मरण त्या रकान्यात जाऊन पडे.

या जाबाचा पहिला धागा एका काळ्या कणापाशी सापडतो. जर्मनीतील मेकेल या शवचिकित्सकाने 1847 साली एका मृत रोग्याच्या रक्तात आणि प्लीहेत काळपट तपकिरी कण पाहिले. हिवतापाने मेलेल्यांच्या पाणथऱ्या आतून काळवंडलेल्या असतात, हे पुढे अनेकांच्या प्रत्ययास आले. अल्जीरियातील कॉन्स्टन्टाइन या गावी 6 नोव्हेंबर 1880 रोजी लाव्हरान हा फ्रेंच लष्करी डॉक्टर अशाच कणांचा माग काढीत असता, रोग्याच्या रक्तातील एका गोल कणधारी पेशीतून चाबकासारखे धागे बाहेर पडून वळवळू लागलेले त्याने पाहिले, आणि हा कण मृत पदार्थ नसून सजीव परोपजीवीच्या पोटात आहे असे त्याच्या ध्यानात आले. तो परोपजीवी तांबड्या पेशीत शिरून तिच्यातील हीमोग्लोबिन खातो. त्यातील प्रथिन पचते, परंतु लोहयुक्त ‘हीम’ हा अंश त्याला पचत नाही, इतकेच नव्हे तर तो त्याला विषारी असतो. म्हणून तो परोपजीवी त्याचे अविद्राव्य स्फटिक बनवून अंगातच बाजूला सारून ठेवतो. हाच तो काळा कण, ज्यास आज हीमोझॉईन म्हणतात.

आता हैदराबाद संस्थानाकडे यावे. सिकंदराबादच्या छावणीत 1895 साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला रोनाल्ड रॉस नावाचा, अल्मोड्यास जन्मलेला, कविता आणि गणित यांत रमणारा डॉक्टर परत आला. आदल्या वर्षी लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सनने त्याला लाव्हरानचे जंतू दाखविले होते. मॅन्सनने स्वतः 1877 साली चीनमधील अमोय बंदरात, हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी डासाच्या पोटात जाऊन वाढतात, हे दाखवून दिलेले होते. मात्र तो डास पुढे पाण्यात मरतो व ते पाणी माणूस पितो, असा त्याचा तर्क होता. रॉसने त्या तर्कावर विसंबून डासांचे पाणी माणसांना पाजूनही पाहिले, आणि त्यातून निश्चित असे काही निष्पन्न झाले नाही. हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी होता. क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी निजामाच्या खर्चाने नेमलेल्या मंडळांमुळे त्याचे नाव सर्वत्र झाले होते, पण लाव्हरानचा जंतू मुळात अस्तित्वातच नाही असे तो छातीठोकपणे सांगे. ज्या राज्यात शोध लागावयाचा होता त्याच राज्याच्या वैद्यकशाळेचा प्रमुख असा अश्रद्ध असावा, हे रॉसला फार जाचले असले तरी शास्त्राच्या दृष्टीने बरेच झाले असे मला वाटते. शेजारी असा नास्तिक असला की माणूस पुरावा अधिक काटेकोरपणे गोळा करतो.

दोन वर्षे रॉस चुकीच्या जातीचे डास चिरीत होता. करड्या आणि पट्टेदार डासांच्या पोटात जंतूंचे धागे सुटत, वळवळत, आणि तेथेच सारे संपे. 1897 च्या ऑगस्टमध्ये त्याला ठिपकेदार पंखांचे काही डास मिळाले. 16 तारखेस हुसेन खान नावाच्या रुग्णाने, दर डासामागे एक आणा या बोलीवर, मच्छरदाणीत बसून ते डास स्वतःस चाववून घेतले. त्यानंतरच्या दिवसांत ते एकेक करून मेले किंवा चिरले गेले. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, शेवटच्या भिंगाला तडा गेलेला, आणि पंखा ओढावा तर चिरलेले डास उडून जावयाचे, म्हणून बेगमपेटच्या त्या उकाड्यात पंखा बंद. 20 ऑगस्ट रोजी, उरलेल्या थोड्या डासांपैकी एकाच्या जठराची भिंत कण कण तपासताना त्याला तेथे नसावयास हवी अशी एक गोल पेशी दिसली, मिलिमीटरच्या सुमारे बारा सहस्रांश आकाराची. अशी पेशी डासाची स्वतःची असू शकली असती. पण तिच्यात काळे कण होते. डासाला असा कण बनविता येत नाही. तो कण हुसेन खानाच्या तांबड्या पेशीतल्या लोहाचा होता, आणि ज्याने तो तयार केला तो जंतूच तो कण अंगात घेऊन डासाच्या जठरापर्यंत आलेला होता. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास चिरला, तेव्हा तसल्याच पेशी आदल्या दिवशीपेक्षा मोठ्या झालेल्या आढळल्या. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या 18 डिसेंबर 1897 च्या अंकात हे छापून आले. सरकारने रॉसची बदली मध्येच राजपुतान्यातील खेरवाड्यास केली, ही हकीकत सरकारी बदल्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने स्वतंत्रपणे लिहावी अशी आहे. पुढील वर्षी कलकत्त्यात, महमद बक्षच्या साहाय्याने, पक्ष्यांच्या हिवतापाचे जंतू डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोहोचतात हे त्याने दाखविले. मनुष्याच्या हिवतापाची तीच साखळी इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1898 मध्ये पूर्ण केली. 1902 चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रॉसला मिळाले.

त्या चार दिवसांत डासाच्या पोटात काय चालले होते, हे समजण्यास पुढे शंभर वर्षे लागली, आणि माझ्या मते हाच या साऱ्या हकीकतीचा गाभा आहे. रक्त पिते ती मादीच, आणि तेही अंडी घालण्यासाठी. नर फुलांच्या रसावर राहतो. मादी आपल्या वजनाइतके रक्त पिऊन फुगते, आणि पितानाच त्यातले पाणी मागून टाकीत राहते. आत गेलेल्या रक्ताचे तापमान काही अंशांनी उतरते, कर्बवायू निघून जाऊन त्याची आम्लता घटते, आणि डासाच्या शरीरात ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या विघटनातून, डोळ्यांचे रंगद्रव्य बनविण्याच्या प्रक्रियेत उत्पन्न होणारे झँथुरेनिक आम्ल त्यात मिसळते. 1998 साली हे आम्ल ओळखले गेले. माणसाच्या रक्तात कित्येक दिवस निद्रिस्त असलेला जंतूचा नर या तीन खुणा ओळखून जागा होतो, पंधरावीस मिनिटांत तीनदा आपला केंद्रक-द्रव्याचा साठा दुप्पट करतो, आणि आठ शेपटीवाले धागे सोडतो. लाव्हरानने काचेवर जे पाहिले ते हेच. काचेवर थंड होऊन वायू गमावलेल्या रक्तालाच जंतू डासाचे पोट समजला होता. आणि रॉसला करड्या डासांतही धागे का दिसले, याचे उत्तर बरेचसे याच खुणांत आहे. धागे सुटण्यासाठी योग्य जातीचा डास लागत नाही, पुढच्या प्रवासासाठी लागतो.

तो प्रवास पचनाशी शर्यत लावून होतो. रक्ताभोवती काही तासांतच डासाचे जठर कायटिनचा एक पातळ पडदा विणते, ज्याच्या आत ट्रिप्सिन आणि तत्सम पाचक द्रव्ये हीमोग्लोबिनचे तुकडे पाडू लागतात. हीम डासालाही विषारी असल्याने ते अडवून बाहेर टाकण्याचे कामही काही जातींत हाच पडदा करतो. निषेचित जंतू सुमारे एका दिवसात केळ्याच्या आकाराचा, सरपटणारा बनतो, आणि पाचक द्रव्यांत विरघळून जाण्याआधी त्याला हा पडदा आणि त्यामागची जठराची भिंत भेदावी लागते. पडदा भेदण्यासाठी तो कायटिन फोडणारे एक द्रव्य स्रवतो, आणि कौतुक असे, की काही जातींत त्या द्रव्यास धार येते ती डासाच्याच ट्रिप्सिनमुळे. यजमानाच्या किल्लीने यजमानाच्या वाड्याचे दार उघडावे तसे. यात बहुसंख्य जंतू मरतात. पोटातले सूक्ष्मजीव, नायट्रिक ऑक्साईड आणि पाचक द्रव्ये यांच्यातून निसटून जे मूठभर भिंतीबाहेर पोहोचतात, ते तेथे कोष करून बसतात, आणि दहा-चौदा दिवसांत एकेका कोषातून हजारो सुईसारखे जंतू लाळग्रंथीकडे निघतात. रॉसच्या वीस तारखेच्या डासात जेवण पचून गेलेले होते म्हणूनच भिंत स्वच्छ दिसली. दोन दिवस आधी चिरला असता तर काळे कण रक्ताच्या गाळात दडून राहिले असते.

धाराशिवच्या खेड्यांत हिवतापाचे मुख्य वाहन म्हणजे ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस हा डास, जो ओढ्याची डबकी, पाटाचे पाझर, शेताच्या कडेची साचलेली पाणथळ यांत वाढतो, आणि माणसापेक्षा गुरांचे रक्त अधिक आवडीने पितो. आता येथली जुनी घरे आठवावीत. माळवदाची जाड मातीची छपरे, मातीच्याच भिंती, अंधारलेल्या खोल्या, एकाच दाराने आत येणारी माणसे आणि बैल, आणि ओसरीच्या पलीकडे लागूनच गोठा. गुरांच्या अंगावर डास तृप्त होत, म्हणून माणसाला तेवढीच सुटका. आणि गुरांमुळेच डास घरात येत, म्हणून माणसाला तेवढाच धोका. कोणत्या डासाने कोणाचे रक्त प्यायले हे ठरविण्याची रक्तरसाची कसोटी विसाव्या शतकाच्या आरंभापासून उपलब्ध होती. चिरडलेल्या डासाच्या पोटातला थेंब निरनिराळ्या प्राण्यांच्या प्रतिरक्तरसात मिसळून, तो कोणात साकळतो ते पाहावयाचे. त्या कसोटीनेच या जातीची गुरांविषयीची ओढ अंकांत आली.

पोट भरलेला डास जड होतो, फार लांब उडू शकत नाही, आणि जवळच्या भिंतीवर बसून दोन-तीन दिवस आपले जेवण पचवीत राहतो. डीडीटीच्या फवारणीचे सारे शास्त्र या बसण्यावर उभे आहे. भिंतीच्या दर चौरस मीटरला एक ग्रॅम या प्रमाणात ती पूड बसविली, की पचनासाठी विसावलेला डास मरतो, आणि दहा-चौदा दिवसांचा जंतूचा कालावधी पूर्ण होण्याआधी मरतो. डासांची संख्या फारशी घटली नाही तरी चालते, म्हातारे डास उरले नाहीत म्हणजे पुरे. मुंबई इलाख्यात विश्वनाथन आणि रामचंद्र राव यांनी 1946 च्या सुमारास धारवाड आणि कारवार जिल्ह्यांत ही रीत मोठ्या प्रमाणावर चालवून दाखविली. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस कारवाईच्या पहिल्याच दिवशी सोलापूरहून निघालेल्या फौजेने नळदुर्ग घेतले, संस्थान गेले, आणि 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो व आठ लाख मरतात असा अंदाज होता. मराठवाडा 1956 च्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात आला, 1958 साली नियंत्रणाचे निर्मूलन झाले, आणि दाराजवळ गेरूने आकडे लिहिणारे, पाठीवर पंप घेतलेले, मग दर पंधरवड्याला येऊन ‘ताप कोणाला?’ असे विचारीत बोटाला सुई टोचणारे कर्मचारी खेड्यांच्या जीवनाचा भाग झाले. त्यांनी दिलेली क्लोरोक्विनची गोळी काय करते, हे बऱ्याच वर्षांनी कळले: जंतूला हीमचे स्फटिक बनवू न देता त्याच्याच जेवणातल्या विषाने त्याला मारते. म्हणजे मेकेलने पाहिलेला आणि रॉसने ओळखलेला तो काळा कणच या गोळीचे लक्ष्य होता.

या मोहिमेविरुद्ध येथे कोणी बंड केले नाही, पण घराने केले. मातीची भिंत पूड शोषून घेते, आणि नवरात्राआधी ‘दसरा काढताना’ बायका सारे घर धुऊन, पांढऱ्या मातीने पोतारून, शेणाने सारवून काढीत, म्हणजे तापाच्या ऐन हंगामात पुडीवर एक स्वच्छ थर चढे. फवारणीचे वेळापत्रक करणाऱ्यांनी तुळजाभवानीचे पंचांग पाहावयास हवे होते, असे म्हणणे आता सोपे आहे. दुसरे बंड डासाचे. त्यावेळच्या मुंबई राज्यातील पंचमहाल जिल्ह्यात 1959 साली क्युलिसिफेसीस डीडीटीला दाद देईनासा झाल्याचे दिसले, कारण काही डासांच्या शरीरातील एक विकर त्या विषातला क्लोरीनचा अंश तोडून टाकीत होते. 1961 साली देशातले नोंदलेले हिवतापाचे रोगी अवघे पन्नास हजार उरले होते. 1976 साली ते चौसष्ट लाखांवर गेले. पुढच्याच वर्षी योजना बदलली, आणि ‘निर्मूलन’ हा शब्द कागदोपत्री राहिला तरी उद्दिष्ट ‘आटोक्यात ठेवणे’ एवढेच उरले.

उस्मानाबादेचे नाव पुढे पुन्हा धाराशिव झाले. याच जिल्ह्यात हत्तीरोगही आहे, आणि त्याचे कृमी माणसाच्या रक्तात रात्रीच उतरत असल्यामुळे त्यांची तपासणी करणारे पथक गावात रात्री येते. तो कृमी मात्र डासाच्या पोटात रेंगाळत नाही. रक्त साकळून पडदा घट्ट होण्याआधीच, काही तासांत, तो भिंत भेदून छातीच्या स्नायूंत जातो. डासाच्या जठरातून दोन परोपजीवींनी काढलेल्या या दोन वाटा.

अलीकडे संशोधकांची नजर पुन्हा जठरावरच गेली आहे. रक्तातला घन अंश बहुतांशी प्रथिनच असल्यामुळे ते पचविताना डासाच्या शरीरात टायरोसिन या अमिनो आम्लाचा पूर येतो, आणि त्याचा निचरा करणारी क्रिया अडवली तर डास आपल्याच जेवणाने मरतो; माणसाच्या एका दुर्मीळ चयापचय-विकारासाठी वापरले जाणारे नायटिसिनोन हे औषध रक्तात असेल तर नेमके तेच होते, असे प्रयोगांत दिसले आहे. गोचिडांसाठी जनावरांना टोचले जाणारे आयव्हरमेक्टिनही ते रक्त पिणाऱ्या डासाला मारते. पण या औषधांचे पुष्कळसे हिशेब ती माणसाला द्यावयाची असे गृहीत धरून मांडले जातात. ज्या मुलुखात डास आधी गोठ्यात जातो, तेथे औषधाची पहिली मात्रा बैलाला द्यावी लागेल, आणि पशुवैद्यकीय दवाखाना व आरोग्य केंद्र यांची दफ्तरे निदान या एका बाबतीत एकत्र करावी लागतील.